आधी फरशी की आधी ओटा?
घरकुलातलं स्वयंपाकघर करताना



भातझोडणी उरकली की गटाच्या बैठकीत कर्जमागणीच्या वेळी एक कारण हमखास ऐकू येतं: "घराचं आतलं काम करायचंय." घरकुलाच्या भिंती उभ्या असतात, वर पत्रा किंवा स्लॅब पडलेला असतो. गटातून दहा-वीस हजार घेऊन आता स्वयंपाकघर उरकायचं असतं. मग गवंडी विचारतो, "फरशी आधी टाकू का ओटा आधी उभा करू?" घरातला पुरुषमाणूस म्हणतो, "तुला बरं वाटेल तसं कर." पण ज्या बाईला त्या ओट्यापुढे पुढची वीस-पंचवीस वर्षं उभं राहायचंय, तिला बऱ्याच घरी कुणी विचारतच नाही.

म्हणून या अंकात हा एकच विषय घेतलाय. काय आधी करायचं, का करायचं, आणि गवंड्याला नेमकं काय सांगायचं ते बघू.

आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण 2016 साली सुरू झाली. त्या योजनेतलं घर कमीत कमी 25 चौरस मीटरचं, म्हणजे साधारण 269 चौरस फुटांचं असावं लागतं. स्वयंपाकाची स्वच्छ जागा या मापातच धरलेली आहे. घर पत्नीच्या नावावर किंवा पती-पत्नी दोघांच्या नावावर मंजूर करायचं असा नियम आहे (पुरुष विधुर, अविवाहित किंवा विभक्त असेल तर गोष्ट वेगळी). म्हणजे कागदावर घर तुमचंही आहे. मग ओटा कुठे आणि किती उंच, हे सांगायचा हक्कही तुमचा आहे.

हा प्रश्न पूर्वी का पडत नव्हता?

आपल्या जुन्या घरांत कारवीच्या कुडाच्या भिंती आणि शेणाने सारवलेली जमीन असायची. चूल मातीची आणि जमिनीवरच. जागा चुकली तर चूल फोडून दुसरीकडे घालता यायची. जमीन उखणली तर पुन्हा चोपून सारवता यायची. त्याला मेहनत लागायची, पैसा लागत नव्हता.

सिमेंटचं तसं नाही. कडप्प्याचा ओटा एकदा भिंतीत बसला की काढताना भिंत फुटते. फरशी उचलली की निम्म्या लाद्या तुटतात. पुन्हा मजुरी, पुन्हा सिमेंट, पुन्हा टेम्पोचं भाडं. आपल्या कितीतरी पाड्यांवर टेम्पो वरपर्यंत जात नाही, माल डोक्यावरून न्यावा लागतो. म्हणून क्रम आधीच ठरवलेला बरा.

थोडक्यात उत्तर

नियम सोपा आहे. जे कायमचं गाडलं जाणार ते सगळ्यात आधी. जे हलवता येतं ते सगळ्यात शेवटी. त्यावरून क्रम असा लागतो:

1. जमिनीची भरणी आणि चोपणी
2. सांडपाण्याचा आणि नळाचा पाइप
3. कोबा
4. पक्क्या ओट्याचे उभे पाय आणि वरचा दगड
5. फरशी, भिंतीपासून भिंतीपर्यंत, ओट्याखालीसुद्धा
6. ओट्यामागच्या भिंतीच्या टाइल्स
7. मांडणी, कपाट, ट्रॉली

म्हणजे पक्का दगडी ओटा असेल तर तो फरशीच्या आधी आणि सुटं सामान असेल तर ते फरशीच्या नंतर. काही गवंडी पूर्ण फरशी टाकून तिच्यावर ओटा उभा करतात. तेही चालतं, पण मग ओट्याचे पाय जिथे येणार तिथे लादीखाली सिमेंटचा माल पूर्ण भरलेला हवा. आता एकेक पायरी बघू.

भरणी आणि पाइप: जे पुन्हा दिसणार नाही

जोत्यात माती किंवा मुरूम भरल्यावर थराथराने पाणी मारून धुमसने चोपून घ्या. एकदम सगळं भरून वरवर चोपलं तर पहिल्याच पावसाळ्यात जमीन खाली बसते. फरशी खचते आणि ओट्याला भिंतीजवळ चीर जाते. दोष फरशीचा नसतो, खालच्या भरणीचा असतो.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर जमिनीतून ओल वर येते. ती अडवायला कोब्याखाली जाड प्लास्टिकचा कागद सलग अंथरून घ्या. घराच्या एकूण खर्चात ही फार थोडी रक्कम आहे, आणि नंतर कितीही पैसे असले तरी हा कागद खाली घालता येत नाही.

पाइपचंही तसंच. भांडी घासायची मोरी कुठे, सांडपाणी कोणत्या बाजूने बाहेर जाणार आणि परसबागेत जाणार की शोषखड्ड्यात, हे कोब्याआधी ठरवा. आज घरात नळ नसला तरी नळाच्या पाइपसाठी वाट ठेवा. जल जीवन मिशन 2019 मध्ये सुरू झालं ते घरोघरी नळाने पाणी देण्यासाठी. तानसा, भातसा, वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि आपल्याच काही पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, हे तुम्हाला मी नव्याने सांगायला नको. पण नळ जेव्हा येईल तेव्हा त्याच्यासाठी नवी फरशी फोडायची वेळ येऊ नये. कोब्यातून एक रिकामा पाइप आरपार टाकून दोन्ही तोंडं बंद करून ठेवली की काम झालं.

आणि नळ येईपर्यंत हंडे, कळशा, पिंप ठेवायला घडवंचीची जागा लागणारच. तीही आत्ताच ठरवा, मोरीच्या बाजूला. पाणी सांडेल तर मोरीकडेच जाईल.

पक्का ओटा आधी का?

वजनामुळे. हिशेब करून बघा. एक इंच जाडीचा कडप्पा चौरस फुटाला साधारण सहा किलो भरतो. सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद ओट्याचा वरचा दगड 12 चौरस फूट. खाली तेवढाच एक कप्पा धरा, आणखी 12. तीन उभे पाय, प्रत्येकी पाच चौरस फूट, म्हणजे 15. एकूण 39 चौरस फूट, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या पुढे. तांदळाची 50 किलोची जवळपास पाच पोती कायमची तीन पायांवर उभी राहिली असं समजा. वर भरलेले डबे, पाटा-वरवंटा, मिक्सर वेगळे.

एवढं वजन कोब्यावर बसलेलं चांगलं. टाइलखाली कुठे पोकळी राहिली आणि नेमका त्यावर पाय आला तर टाइल तडकते. फरशी आधीच टाकून झाली असेल तर ओटा बसवण्याआधी लाकडाच्या तुकड्याने किंवा नाण्याने टाइल वाजवून बघा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आवाज आला तर ती लादी उचलून पुन्हा बसवायला सांगा.

दुसरं कारण, ओट्याचा दगड आत आणताना, कापताना, घासताना नवी फरशी खराब होते. फरशी आधी झाली असेल तर तिच्यावर गोणपाट टाकल्याशिवाय ओट्याचं काम सुरू करू देऊ नका.

उंची कुठून मोजायची? हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा

ओटा फरशीच्या आधी करताना सगळ्यात जास्त गडबड इथे होते. गवंडी कोब्यापासून 32 इंच मोजतो आणि ओटा बसवतो. नंतर खाली सिमेंटचा माल आणि शहाबादी मिळून दोन-अडीच इंच जमीन वर येते. ओटा राहतो साडेएकोणतीस इंचांचा. मग रोज वाकून पोळ्या लाटायच्या आणि कंबर धरून बसायचं.

म्हणून आधी फरशी कोणती ते ठरवा. टाइल असेल तर माल धरून साधारण दीड-दोन इंच, शहाबादी किंवा कोटा असेल तर दोन ते अडीच इंच जाडी धरावी लागते. नक्की आकडा गवंड्याला विचारा. मग तयार फरशीची रेघ पाण्याच्या नळीने लेव्हल काढून चारही भिंतींवर मारून घ्या. ओट्याची उंची या रेघेपासून वर मोजायची, कोब्यापासून नाही.

तुमची उंची किती, त्यावर ओटा ठरतो. सरळ उभ्या राहा, हात कोपरात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप कुणाला तरी पट्टीने घ्यायला सांगा. त्यातून पाच-सहा इंच वजा करा. कोपर 37 इंचांवर असेल तर ओटा 31 ते 32 इंच. शेगडीची उंची त्यावर आणखी चढते हे धरूनच चाला. घरात सासूबाई आणि सून दोघी स्वयंपाक करत असतील तर दोघींची मापं घ्या आणि मधलं माप धरा.

आणखी एक माप. गॅसचा सिलिंडर ओट्याखाली ठेवणार असाल तर तो पट्टीने मोजा आणि वर हात जाईल, नॉब फिरवता येईल एवढी मोकळी जागा सोडा. खालचा आडवा कप्पा तेवढ्या भागात नको. सिलिंडर नेहमी उभाच ठेवायचा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर असायला हवी. ही दोन्ही मापंसुद्धा तयार फरशीवरूनच धरायची.

"ओट्याखाली कोण बघतंय?"

फरशी वाचवायला ओट्याखालचा भाग तसाच सोडायचा सल्ला बरेच जण देतात. किती वाचतं बघा. दहा बाय आठचं स्वयंपाकघर म्हणजे 80 चौरस फूट. सहा बाय दोनच्या ओट्याखालचा भाग 12 चौरस फूट. समजा फरशी मजुरीसकट चौरस फुटाला 70 रुपये पडते, तर वाचले 840 रुपये.

त्या 840 रुपयांच्या बदल्यात खाली दोन इंचांचा खड्डा राहतो. मोरीचं पाणी, सांडलेलं दूध, धुतलेल्या फरशीचं पाणी तिथे साचतं. झुरळं तिथे, उंदीर तिथे, आणि सिलिंडरची बूड गंजते तीही तिथेच. आतून हात घालून पुसणार तुम्हीच आहात. म्हणून फरशी भिंतीपासून भिंतीपर्यंत, ओट्याच्या पायांच्या मधूनसुद्धा. जिथे पाय आणि फरशी मिळते तिथली फट सिमेंटने नीट भरून घ्या.

फरशीला मोरीच्या दिशेने थोडा उतार हवा. दहा फुटांना साधारण एक इंच पुरतो. काम झाल्यावर गवंडी जायच्या आत एक कळशी पाणी ओता. पाणी मोरीकडे गेलं तर पास. ओट्याखाली वळलं तर त्याच दिवशी सांगा, मजुरी देऊन झाल्यावर सांगून उपयोग नाही.

चकचकीत टाइल दुकानात छान दिसते, पण ओली झाली की पाय सटकतो. स्वयंपाकघराला खडबडीत पृष्ठभागाची घ्या. सगळा माल एकाच वेळी आणि एकाच रंगाच्या खेपेचा घ्या, कारण नंतर तोच रंग मिळेल याची खात्री नसते. वाटेत फुटतील आणि कापण्यात जातील म्हणून शंभराला आठ-दहा लाद्या जास्त घ्या. उरलेल्या टाकू नका, पुढे एखादी तडकली तर कामाला येतील.

मांडणी, कपाट, ट्रॉली नेहमी शेवटी

स्टीलची मांडणी, लाकडी कपाट, फ्रिज ही सुटी वस्तू आहे. उद्या जागा बदलेल, विकाल, मुलाच्या घरी द्याल. तिच्याखाली पूर्ण फरशी हवी. मांडणीभोवती फरशी टाकली तर मांडणी हलवल्यावर खाली उघडा कोबा दिसतो.

ओट्याखाली ट्रॉली किंवा दारं लावायची असतील तर सुताराला फरशी झाल्यावरच माप घ्यायला बोलवा. आधी घेतलेलं माप फरशीच्या जाडीएवढं चुकतं आणि दार जमिनीला घासतं.

लाकूड किंवा प्लायवूड असेल तर आणखी थांबा. ओल्या जमिनीवर ठेवलेलं प्लायवूड खालून फुगतं आणि वाळवीला आमंत्रण मिळतं. जमीन सुकली का ते बघायची सोपी पद्धत आहे. दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही कडा चिकटपट्टीने जमिनीला घट्ट चिकटवा आणि पूर्ण एक दिवस तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले किंवा खालचा भाग गडद दिसला तर ओल बाकी आहे. कपाट सुकल्यानंतरही थेट जमिनीवर ठेवू नका, चार बोटं उंच पायांवर ठेवा. खालून झाडूही फिरतो.

पैसे कमी असतील तर?

घरकुलाची मदत बांधकाम कुठपर्यंत आलं ते बघून टप्प्याटप्प्याने मिळते. तेवढ्यात सगळं बसत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मग गटाचं कर्ज घेताना काय आधी?

भरणी, प्लास्टिक, पाइप आणि चांगला कोबा यात काटकसर करू नका. गुळगुळीत घोटलेला कोबा हीच तुमची पहिल्या वर्षाची फरशी होऊ शकते. ओटा करा आणि भिंतीवर तयार फरशीची रेघ मारून ठेवा. पुढच्या वर्षी फरशी टाकाल तेव्हा ओटा बरोबर उंचीला येईल. दरवाजाही त्या रेघेच्या वर उघडतो ना, तेवढं बघून घ्या. मांडणी जुनीच वापरा. ट्रॉलीसाठी कर्ज काढून फरशीला पैसे उरले नाहीत, असं होऊ देऊ नका. ट्रॉली केव्हाही येते.

ओटा हवाच असंही नाही. बसून स्वयंपाक करायची सवय असलेल्या मावशींना उभ्याने त्रास होतो. चूलही चालू ठेवायची असेल तर तिची जागा आणि धूर बाहेर जायला वरची खिडकी आधी ठरवा. छोटा चार फुटांचा ओटा गॅसपुरता आणि बाकी मोकळी जमीन बसायला, असंही स्वयंपाकघर चांगलं होतं.

काम केव्हा काढायचं?

कोब्याला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं, नाहीतर तो भुसभुशीत राहतो. मार्चनंतर विहिरी तळाला जातात, तेव्हा प्यायला पाणी नाही तर कोब्याला कुठून आणणार? पावसाळ्यात काही सुकत नाही. म्हणून आपल्याकडे दिवाळी ते होळी हा काळ बरा.

पण याच काळात अनेक कुटुंबं वीटभट्टीवर जातात. मागे म्हातारी माणसं राहतात आणि गवंडी मनाने काम करून मोकळा होतो. जाणार असाल तर निघण्याआधी भिंतीवर रेघ मारून, मापं कागदावर लिहून, गटातल्या एका ताईला काम बघायला सांगून जा. शेवटची मजुरी तिने पाणी ओतून बघितल्यावरच द्यायची, हेही गवंड्यासमोर ठरवा.

गवंड्याला विचारायचे पाच प्रश्न

1. फरशी आणि माल मिळून जाडी किती इंच येणार?
2. तयार फरशीची रेघ भिंतीवर मारली का?
3. ओट्याची उंची त्या रेघेपासून किती?
4. सांडपाण्याचा आणि नळाचा पाइप कोब्याआधी टाकला का?
5. ओट्याखाली फरशी धरली आहे का, आणि उतार कुठे?

हे पाच प्रश्न वहीत लिहून घ्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना मुलीकडून लिहून घेता येतील. पुढच्या साप्ताहिक बैठकीत दहा मिनिटं काढा, पट्टी आणा आणि एकमेकींच्या कोपराची उंची मोजा. ज्यांचं घरकुलाचं काम सुरू आहे त्यांनी आपला आकडा इतिवृत्ताच्या वहीत नोंदवून ठेवा. कर्जमागणी करतानाही "घरकामासाठी" एवढंच न लिहिता कोबा, ओटा, फरशी असं वेगवेगळं लिहा. म्हणजे कोणत्या कामाला किती लागणार ते गटालाही कळेल आणि तुम्हालाही.

तुमच्या गावात कुणी स्वयंपाकघर चांगलं करून घेतलं असेल तर ग्रामसंघाच्या बैठकीत त्यांना बोलवा आणि त्यांचं घर बघायला जा. कागदावर वाचण्यापेक्षा ओट्यापुढे उभं राहून लवकर कळतं.

तुमची,
क्षेत्र समन्वयक